भावाशी बोलणं बंद आहे आणि रविवारी प्रभुभोजन आहे, मग काय करायचं?

प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण कोणी तोंडाने बोलत नाही, ती म्हणजे कोण कुणाच्या बाकावर बसत नाही. एक भाऊ डावीकडे पुढे, दुसरा उजवीकडे अगदी शेवटी, भक्ती संपली की एक मोठ्या दाराने निघणार दुसरा बाजूच्या दाराने, नाताळचा फराळ अख्ख्या गल्लीत वाटला जाणार पण सख्ख्या भावाच्या घरी डबा जाणार नाही. कारण विचारलं तर बहुतेक वेळा जमीन, नाहीतर आईच्या आजारपणाचा खर्च, नाहीतर कुणाच्यातरी लग्नात मानपानावरून निघालेला एखादा शब्द. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, हे दोघंही भाऊ रोज सकाळी प्रार्थना करणारे असतात, प्रभूच्या प्रार्थनेतलं "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" हे दोघंही मोठ्याने म्हणतात.

मला एकच सांगायचंय, नुसत्या प्रार्थनेने हे सुटत नाही. देवाकडे माफी मागून भावाला टाळता येत नाही, उठून जावंच लागतं. कसं जायचं ते जमेल तसं लिहितो, भावाभावांचं उदाहरण धरून, पण नणंद-भावजय, जावाजावा, मंडळीतले दोन पंच, सगळ्यांना थोड्याफार फरकाने हेच लागू आहे.

आधी रागाचं बघू. राग आला म्हणजे आपला विश्वासच खोटा असं मनाला लावून घेऊ नका. मार्कच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात सभास्थानातला तो वाळलेल्या हाताचा माणूस आहे ना, तिथं येशूने आजूबाजूच्या लोकांकडे रागाने बघितलं असं सरळ लिहिलंय, पण त्याच ओळीत त्यांच्या कठीण मनाबद्दल त्याला दुःख झालं असंही लिहिलंय, आणि पुढच्या क्षणी तो त्या माणसाचा हात बरा करतो. आपला राग तपासायचा तर असा तपासा, की रागासोबत समोरच्याबद्दल थोडंतरी वाईट वाटतंय का, आणि त्या रागातून आपल्या हातून काय होतंय. आपल्या नगरमध्ये काम केलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक केवढे भक्त, पण स्वभाव तापट, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहिताना ते झाकून ठेवलं नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणून स्वभाव एका रात्रीत बदलतो असं नाही, रोज सांभाळावा लागतो.

प्रत्यक्ष राग चढलेला असतो त्या तासाभरात एकच नियम, काही टाईप करायचं नाही. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश व्हा असं लिहिलंय, आज त्यात फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकायलाही सावकाश हे आपण आपलं जोडून घ्यायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पाणी प्या, चक्कर मारून या. आणि कृपा करून वचन स्टेटसला लावून टोमणे मारू नका! हे हल्ली फार झालंय, "परमेश्वर न्यायी आहे" असं फुलांच्या फोटोवर लिहून सकाळी सहाला स्टेटस टाकायचं आणि भावाने बघितलं का ते दिवसभर चेक करत बसायचं. देवाचं वचन हे भावाला मारायचा दगड नाहीये.

मग "सूर्य मावळण्याआधी राग सोडा" याचं काय असं बरेच जण विचारतात. पौलाच्या इफिसकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायातलं ते वाक्य ऐकून नवराबायको रात्री दीड वाजेपर्यंत भांडण मिटवत बसतात आणि थकलेल्या डोक्याने ते आणखी वाढवून ठेवतात. माझ्या मते पौलाला रात्रीतच सगळा निकाल लावा असं म्हणायचं नाहीये, राग मुरू देऊ नका, सैतानाला वाव देऊ नका असं पुढच्याच वचनात आहे. आणि ते तो जिथून घेतो त्या चौथ्या स्तोत्रात तर अंथरुणावर पडून मनाशी विचार करा आणि शांत राहा असंच सांगितलंय. म्हणून रात्री एवढंच बोला, "आत्ता मी चिडलोय, उद्या संध्याकाळी चहाच्या वेळी बोलू", आणि वेळ ठरवून झोपा, आणि उद्या खरंच बोला.

जो राग खूप खोल आहे, वर्षांचा आहे, तो आधी देवापुढे ओता. चांगल्या चांगल्या शब्दांत नाही, जसा आहे तसा. १०९ वं स्तोत्र एकदा काढून वाचा, काय काय शिव्याशाप आहेत त्यात, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. खोली बंद करून देवाला सांगितलेला राग भावाच्या दारात ओरडून सांगावा लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, पहिलं कोणी जायचं. "चूक त्याची, मी का जाऊ" हे वाक्य तर प्रत्येक घरात ऐकू येतं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा. म्हणजे त्याचा राग तुझ्यावर असला तरी तूच जायचं. आणि अठराव्या अध्यायात भावाने तुझा अपराध केला तर काय, तरीही तूच जा, एकांतात जाऊन सांग. दोन्हीकडून आपलाच नंबर लागतो, सुटका नाही. आणि हे ऐकणारी माणसं गालीलातली होती बरं का, वेदी यरुशलेमेत, चालत तीन-एक दिवसांची वाट. अर्पण तिथं ठेवून गावी परत जा, भावाशी मिटवून पुन्हा ये, म्हणजे जवळजवळ आठवडाभराची पायपीट! आपल्याला तर बऱ्याचदा दोन गल्ल्या ओलांडायच्या असतात.

जाण्याआधी तयारी करा, खासकरून भांडण जमिनीचं असेल तर. निम्मा राग चुकीच्या माहितीवर पोसलेला असतो. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो हे कितीतरी ख्रिस्ती घरांत माहीतच नसतं, शेजारच्यांच्या घरात जसं झालं तसंच आपल्यात असणार असं धरून चालतात. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आईला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या मुलामुलींना सारखं, मुलगी लग्न होऊन गेली तरी तिचा वाटा तेवढाच. जन्मल्यापासूनच वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क, असलं आपल्या कायद्यात नाही, वडील हयात असताना "माझा हिस्सा द्या" म्हणून त्यांच्याशी भांडायला काही आधार नाही. मृत्युपत्र असेल तर गोष्ट वेगळी, ते वकिलाला दाखवा. सातबारा, फेरफार, जुनं वाटणीपत्र असेल तर ते, सगळं काढून एकदा स्वतः नीट वाचा. आणि एक कळकळीने सांगतो, दोन भावांचा समेट बहिणीच्या हक्कसोडपत्रावर करू नका. भाऊ गळ्यात गळे घालतात, फोटो निघतात, आणि बहीण मात्र "माहेर तुटायला नको" म्हणून मुकाट सही करते. ह्याला समेट म्हणत नाहीत, ओझं एकाच्या डोक्यावरून उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवलं एवढंच.

मग फोन. मेसेज नको, फोन करा, तो उचलत नसेल तर दोन ओळी लिहा पण त्यात विषय काढू नका. "दादा, जय ख्रिस्त. घरी यायचं होतं, जमिनीचं बोलायला नाही, तुला भेटायला. कधी येऊ?" बास एवढंच. वेळ त्याला ठरवू द्या. एकटे जा, बायकोला किंवा मोठ्या मुलाला पहिल्या वेळी बरोबर नेऊ नका, चार माणसं झाली की प्रत्येकाला आपली बाजू राखावी लागते. कागदांची पिशवी घरीच ठेवा. वहिनीने चहा ठेवला तर नाही म्हणू नका, भूक नसली तरी बिस्किट खा, आपल्याकडे ज्याच्या घरचं पाणी घेत नाही त्याच्याशी वैर आहे असंच समजतात.

आणि माफी कशी मागायची हे बघा कारण इथंच घोळ होतो. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नाही. "मी चुकलो, पण तूही" ही पण नाही. आपण केलेली एक ठरावीक गोष्ट नाव घेऊन सांगायची. "आई दवाखान्यात होती तेव्हा मी तुला सगळ्यांसमोर फुकट्या म्हणालो, ते मी चुकीचं बोललो, मला माफ कर." आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. तो मग दहा वर्षांचं बाहेर काढेल, त्यातलं निम्मं तुम्हाला खोटं वाटेल, तरी त्या दिवशी ऐकून घ्या, खुलासे पुन्हा कधीतरी. भांडणात तुमची चूक वीस टक्केच असेल तर त्या वीस टक्क्यांची पूर्ण माफी मागा, उरलेल्याचा हिशोब त्याचा तो आणि देव बघतील.

जे घेतलंय ते परत करा. जकातदार जक्कयने येशूला घरी जेवायला घातलं एवढ्यावर ते थांबलं नाही, अन्यायाने घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला. बांध सरकवला असेल तर तो मागे घ्या, आईच्या दवाखान्याच्या बिलातला आपला वाटा राहिला असेल तर तो द्या, एकदम जमत नसेल तर महिन्याला किती देणार ते सांगा आणि कागदावर लिहून द्या.

त्याने तोंडावर दार लावलं तर? लावू दे. पौलाने रोमकरांसच्या बाराव्या अध्यायात तुमच्याकडून होईल तितकं सगळ्यांशी शांतीने राहा असं लिहिलंय, तुमच्याकडून होईल तितकं. काही महिने जाऊ द्या, त्याच्या पोराच्या वाढदिवसाला फोन करा, मग एखाद्या अशा माणसाला मध्ये घ्या ज्याला दोघंही मानतात, मामा असेल, जुने पाळकसाहेब असतील. पण घरोघरच्या प्रार्थनासभेत "माझ्या भावाच्या कठीण मनासाठी प्रार्थना करा" असं सांगत फिरू नका, ती प्रार्थनेची विनंती राहत नाही, बदनामी होते.

आणि तुमच्या मनातून राग जात नसेल तर स्वतःवर जबरदस्ती पण करू नका, वेळ लागतो. सिस्टर राणी मारिया यांचा १९९५ मध्ये मध्य प्रदेशात बसमध्ये खून झाला, आणि त्यांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला, समंदर सिंगला, राखी बांधून आल्या. मधे सात वर्षं आहेत. नंतर घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठीही प्रयत्न केले. ही मोठी माणसं, पण त्यांनाही वर्षं लागली हे लक्षात ठेवा म्हणजे आपल्याला सहा महिने लागले तर निराश व्हायला होणार नाही.

एक गोष्ट अगदी स्पष्ट. नवरा मारतोय, घरात कुणाच्या जिवाला किंवा लेकरांना धोका आहे, तिथं हे वर लिहिलेलं काहीही लागू नाही. "क्षमा कर आणि नांदायला जा" असा सल्ला कोणी पाळक देत असेल तर तो ऐकू नका. आधी सुरक्षित जागी जा, १८१ ही महिला हेल्पलाईन आहे, तातडीला ११२. मनातून क्षमा करणं आणि त्या घरात परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तक्रार दिल्याने तुमचा विश्वास कमी होत नाही.

तसंही समेट म्हणजे पुन्हा एका चुलीवर येणं नाहीच. उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब आपल्या दुरावलेल्या भावाला, एसावला, भेटायला गेला तेव्हा शेळ्यामेंढ्या, उंट, गाईगाढवं अशी पाचशेच्या वर जनावरं भेट म्हणून पुढे पाठवली, सात वेळा भुईपर्यंत वाकला, एसाव धावत आला, दोघं गळ्यात पडून रडले, आणि मग? एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. वेगवेगळे राहिले. पण बाप वारला तेव्हा इसहाकाला दोघांनी मिळून पुरलं. इतकं झालं तरी पुष्कळ झालं.

आता रविवारचं, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेतो त्या प्रभुभोजनाचं. भांडण आहे म्हणून वर्षानुवर्षं प्रभुभोजन न घेणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांना त्यात नम्रता वाटते. करिंथकरांसच्या पहिल्या पत्रात माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी असं आहे, परीक्षा करून घरी बसावं असं नाही. बऱ्याच मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, तर आधीच्या आठवड्यात तो एक फोन करा. फोन केला, प्रयत्न केला, तो नाही म्हणाला, तर पाळकांशी बोलून मोकळ्या मनाने जा. फोनच करायचा नाही असं ठरवून बसला असाल तर मात्र पुढे जाण्याआधी थांबा.

मिटल्यानंतरचे पहिले काही महिने नाजूक असतात. लगेच सगळ्या नातेवाईकांना बोलावून मोठं जेवण वगैरे घालू नका, छोट्या छोट्या कामाचे फोन ठेवा, खत कुठून घेतलंस, पोराच्या ॲडमिशनचं काय झालं असे. बायकोला आणि मुलांना स्वतः सांगा की मिटलंय, नाहीतर त्यांचा राग तसाच चालू राहतो, कारण तुम्हीच इतकी वर्षं तो त्यांना शिकवलेला असतो. जुना विषय निघाला तर "त्याची माफी झाली" म्हणून तिथंच थांबवा. आणि वाटणीचं जे ठरलं ते तोंडी ठेवू नका, भावावर विश्वास आहे म्हणूनच लिहून ठेवा, रजिस्टर करा, मोजणीच्या दिवशी दोघांनीही हजर राहा, बहिणींनाही बोलवा, आणि मोजणीवाल्याने खुणा दाखवल्या की दगड तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर रोवून घ्या.