घरगुती बायबल अभ्यास घेताय? या चुका टाळा

दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी सतरंजी पडते, दहा-बारा मोठी माणसं पवित्र शास्त्र घेऊन बसतात आणि तासभर अभ्यास घेणारा एकटाच बोलतो. हे इतक्यांदा पाहिलंय की आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पाळीपाळीने वचनं वाचायला लावणं. आमच्याकडे एक काका यायचे. पाळी आली की म्हणायचे, "चष्मा घरी राहिला." एकदा मी माझाच चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. काकांनी तो लावला, लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायावर, उधळ्या मुलाच्या दाखल्यावर, बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच थरथरत राहिलं. शेवटी शेजारच्या मावशींनी वाचलं. काकांना वाचता येत नाही, हे मला पुढे त्यांच्या सुनेकडून कळलं. घरी जाऊन माफी मागितली. रविवारी उपासनेला भेटतात, पण गुरुवारी पुन्हा आले नाहीत.

तेव्हापासून उतारा मीच वाचतो, सावकाश, दोनदा. नहेम्याच्या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं, ते लोकांनी ऐकलंच ना! कुणाला वाचायची हौस असेल तर आदल्या दिवशी एकट्याला विचारून ठेवावं.

दुसरी चूक उतावळेपणाची. नव्याने अभ्यास घेणारे प्रश्न विचारतात आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देतात. मी प्रश्न विचारला की मनात प्रभूची प्रार्थना म्हणतो, आमेनपर्यंत गप्प. प्रश्नही मोठ्या माणसांना शोभेलसा हवा. उधळ्या मुलाचाच दाखला घ्या: धाकटा आपला वाटा उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो आणि थोरला रागावून बाहेरच थांबतो. "बापाने धाकट्याला काय दिलं?" हा लहान मुलांच्या संडेस्कूलचा प्रश्न झाला. "थोरला भाऊ शेवटी घरात गेला का?" असं विचारा. दाखल्यात ते सांगितलेलंच नाही. मी हे विचारलं तेव्हा वाटणीवरून भावाशी बोलणं टाकलेला एक जण बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, "मी नसतो गेलो." त्या दिवशी सगळे बोलले.

यूट्यूबवरचं प्रवचन लावून अभ्यास उरकू नका. तो अभ्यास नव्हे.

प्रार्थनेच्या विनंत्यांत दुसऱ्याच्या घरातली भांडणं येऊ लागली की तिथंच थांबवा.

आणि साडेआठ म्हणजे साडेआठ. बायकांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो.