हेडफोन वापरताना या चुका टाळा, आणि कान दुखायची वाट बघू नका

गेल्या श्रावणात माझा डावा कान जड झाला. माझं काम मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून उतरवून काढायचं, त्यामुळे सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत कानात इअरबड. घरात उपाय ठरलेलाच होता. आजीनं पळीत तेल घेतलं, लसणाची पाकळी तडतडू दिली आणि कोमट झाल्यावर दोन थेंब कानात सोडले. बरं वाटलं, म्हणून मग रोज. आठव्या दिवशी खाजेनं झोप लागेना, तेव्हा मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बीण कानात घालून समोरच्या पडद्यावर दाखवलं: पिवळा मळ, त्यावर ओल्या कापसासारखा पांढरा थर आणि त्यात बारीक काळे ठिपके. बुरशी. "ताई, पावसाळी हवा, दिवसभर बंद कान आणि वरून तेल," एवढंच ते म्हणाले आणि साफ करायला बसले.

कान बरा झाला. पण निघताना त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी हा लेख लिहितेय. खाज आली, दुखलं, ठणकलं की माणूस डॉक्टरांकडे येतो, कारण त्रास होतो. मोठ्या आवाजानं ऐकू येणं कमी होतं तेव्हा मात्र काहीच दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या चुकाही वेगळ्या आहेत.

आधी बघा, बिघाड कानात आहे की इअरबडमध्ये

एका बाजूनं आवाज कमी येतोय असं वाटलं की लगेच कानात काडी घालू नका. डावा बड उजव्या कानाशी आणि उजवा डाव्या कानाशी धरा. उलटे नीट बसणार नाहीत, पण धरून ऐकण्यापुरतं चालतं. कमी आवाज बडबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला, तर दोष बडचा. बहुतेक वेळा जाळीत मळ बसलेला असतो. रबरी टोपी काढा, जाळी जमिनीकडे धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशनं हलकेच झटका. पाणी किंवा सुई नको. फोनच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा तोल मधोमध आहे ना, हेही बघा. चुकून सरकलेला असतो.

बड बदलूनही तोच कान कमी ऐकत असेल, तर शेवटचा भाग आधी वाचा.

दुखतं ते बहुतेक कानाच्या तोंडाशी

रबरी टोपीचा माप न बघणं ही सर्रास होणारी चूक. डब्यात लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन जोड्या येतात आणि आपण लावून आलेलीच वापरत राहतो. मोठी असेल तर तासाभरात कानाचं तोंड हुळहुळतं. लहान असेल तर फटीतून खर्जाचा आवाज निसटतो, गाणं पोकळ वाटतं आणि आपण आवाज वाढवतो. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही.

दुसरी चूक कापसाच्या काडीची. कानातला मळ आपला आपण बाहेर सरकत येतो. काडी त्याला उलट आत ढकलते, आणि तासन्‌तास घातलेला बड त्याची वाट अडवतो. आंघोळ केल्या केल्या, डोकं ओलं असताना बड घालू नका. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेच्या किंवा महाबळेश्वरच्या बाजूला कपडेसुद्धा तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथं बंद कान कसा वाळेल? तासाला पाच-दहा मिनिटं बड काढून ठेवा. मी आता दुपारनंतर कानावर बसणारा हेडफोन घेते.

तेलाबद्दल आजीशी वाद घालावा लागला, तो घातला. कानाच्या पडद्याला भोक आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि भोक असेल तर तेल थेट आत उतरतं.

नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय, चालू केल्यावर कानावर दाब आल्यासारखं काहींना वाटतं. हवेचा दाब खरंच बदललेला नसतो, ते सोय बंद केली की जातं. घाटात बसतात ते दडे खरे असतात, तेव्हा बड काढून आवंढा गिळा.

गोंगाटावर गाणं चढवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती कष्टकरी माणसांच्या वाट्याला येते. विट्याला यंत्रमागावर आठ-आठ तास उभा असलेला मुलगा खटखटाटाच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज टोकाला नेतो. तासगावकडे द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर ब्लोअरनं औषध मारणारा तेच करतो. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, वर गाणं त्याहून मोठं. त्यातून औषधाच्याच हातानं बड काढ-घाल होते, ती वेगळी भीती.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली मोठ्या माणसांसाठी मर्यादा दिली: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल, तितकेच तास. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याला ४ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटं. सांगली-स्वारगेट एसटीत खिडकी उघडी ठेवून, इंजिनावर मात करणाऱ्या आवाजात गाणी ऐकली, तर आठवड्याचा कोटा एका फेरीत संपू शकतो.

डेसिबल मोजायला यंत्र नसेल तर असं करा. रात्री शांत खोलीत आरामात ऐकू येईल एवढा आवाज ठरवा आणि त्याची खूण लक्षात ठेवा. बसमध्ये तेवढ्यात ऐकू आलं नाही, तर ऐकणं थांबवा, खूण ओलांडू नका. आयफोनमध्ये 'हेडफोन सेफ्टी' आणि सॅमसंगमध्ये 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट' आहे, मुलांच्या फोनवर ती आजच लावा. मागावर आणि ट्रॅक्टरवर मात्र गाणं नकोच, फोमचे बोळे किंवा कान झाकणारे मफ घाला.

डॉल्बीनंतरची सकाळ

विसर्जनाला डॉल्बीपुढे नाचून आल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजते, सकाळी सगळं बोळ्यातून ऐकल्यासारखं वाटतं आणि दोन दिवसांत "झालं बरं". प्रत्येक कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात आवाज टिपणाऱ्या १५ हजारांच्या आसपास बारीक केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजात त्या वाऱ्यात ऊस लोळावा तशा लोळतात. काही उठतात, काही कायमच्या जातात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. अशा सकाळी हेडफोन लावणं म्हणजे लोळलेल्या उसात बैल सोडणं. दोन दिवस तरी कानाला विसावा द्या.

आधी जातात त्या उंच सुरांच्या पेशी, म्हणून बरीच वर्षं कळत नाही. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात मी तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिलंय. कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, तार छेडतो, पुन्हा सरकवतो, आणि एका जागी मुका 'सा' अचानक झणकारून उठतो. ती झणकार त्याच बारीक उंच सुरांची. कान गेलेल्याला तंबोरा वाजतोय हे कळतं, जवारी लागली हे कळत नाही. बोलण्यातही तसंच. 'साठ' मधला 'स' गळतो आणि बाजारात 'आठ' ऐकू येतं. "मला ऐकू येतं, पण लोक पुटपुटतात," असं घरात कुणी म्हणू लागलं, तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या आणि तो आलेख जपून ठेवा.

अचानक एक कान गेला तर

सकाळी उठलात आणि एका कानानं ऐकू येईना, सोबत शिट्टी किंवा चक्कर. बहुतेक जण मळ साठला म्हणतात, तेल घालतात आणि आठवडा घालवतात, जसा मी घालवला. माझी बुरशी होती म्हणून निभावलं. आतली नस बधिर झाली असेल, तर स्टेरॉइडचं औषध पहिल्या काही दिवसांत सुरू होण्यावर कान परत येणं बरंच अवलंबून असतं, आणि दोन आठवड्यांनंतर आशा कमी होत जाते.

घरी एक खूण बघता येते. तोंड मिटून "म्‌ऽऽ" असा सूर धरा. मळानं दडा बसला असेल तर तो सूर बंद कानात मोठा वाजतो. चांगल्या कानाकडे सरकला, तर नसेची शंका घ्या. खूण काहीही सांगो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा किंवा जवळच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात. केसपेपर काढताना "कानात मळ झालाय" म्हणू नका. "कालपर्यंत ऐकू येत होतं, आज अचानक येत नाही," असं सांगा.