डाळिंबाला शेणखत आणि रासायनिक खत एकत्र देताना

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडे डाळिंबाच्या बऱ्याच बागा हलक्या, चुनखडीच्या जमिनीत आहेत. तिथं सुपर फॉस्फेट नुसतं आळ्यात फेकलं की त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमला धरून बसतं. शेणखतात मुरवून दिलं तर बरंचसं मुळांसाठी मोकळं राहतं. माती तपासून घेतली असेल तर अहवालात मुक्त चुन्याचा रकाना आधी पाहा.

पाच वर्षांपुढच्या झाडाला साधारण 40 किलो शेणखत, 625 ग्रॅम नत्र (नायट्रोजन), 250 ग्रॅम स्फुरद आणि 250 ग्रॅम पालाश (पोटॅश) लागतं. म्हणजे युरिया 1 किलो 360 ग्रॅम, सुपर 1 किलो 560 ग्रॅम, सल्फेट ऑफ पोटॅश अर्धा किलो. ‘शेणखत टाकलंय, युरिया निम्मा करा’ हा सल्ला ऐकू नका. 40 किलोत नत्र जेमतेम 200 ग्रॅम, आणि पहिल्या हंगामात त्यातलं तिसरा हिस्साच सुटतं. फार तर दीडशे ग्रॅम युरिया कमी करा.

खरी फसगत होते ती ढिगात. शेणखत पुरतं कुजलेलं हवं. ते ओलं करून छोटा ढीग लावा, दुसऱ्या दिवशी आत हात घाला. गरम लागलं तर ते अजून कच्चं आहे. कच्चं खत कुजताना जमिनीतलंच नत्र खातं, झाड पिवळं पडतं, आणि मुळं खाणारी हुमणी अळी येते ती वेगळीच.

दहा झाडांसाठी 15 ते 16 किलो सुपर आणि त्याच्या दहापट, म्हणजे 160 किलो शेणखत घ्या. सावलीत थर देत कालवा. ओल इतकीच, की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. वर ओली पोती टाका, प्लास्टिक नको. तिसऱ्या दिवशी ढीग उलटा, आठवड्याने वापरा.

या ढिगात युरिया कधीच घालू नका, राखही नको. शेणखतातले जिवाणू युरियाचा अमोनिया करतात. डोळे चुरचुरले की पोत्यातले पैसे हवेत चाललेत असं समजा. झिंक आणि फेरस सल्फेटचा ढीगही निराळाच, त्याच दहापट शेणखतात. झिंक स्फुरदाशेजारी ठेवलं तर दोघं एकमेकांना बांधतात. फेरस, म्हणजे हिराकस, हिरवट असेल तरच घ्या. पिवळं-तांबूस पडलेलं हिराकस चुनखडीत काही कामाचं नाही.

बहार धरताना, म्हणजे झाडाला फुलावर आणताना, मुरवलेलं खत, उरलेलं शेणखत आणि पोटॅश फांद्यांच्या सावलीच्या कडेला, ड्रिपरखाली, वीतभर खोल चरात द्या. खोडाला लावू नका. वर माती ओढा.

युरिया निम्मा पहिल्या पाण्याला, मातीआड करून. उघड्यावर पडला तर इथल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत तो उडतोच. उरलेला महिना-दीड महिन्याने, दोन-तीन हप्त्यांत ठिबकमधून. तोवर नवी पालवी फारच गर्द, लांब पेऱ्यांची दिसली तर शेवटचा हप्ता देऊ नका.

शेणखत मात्र दरसाल द्यावंच लागतं. इथल्या उन्हाळ्यात सेंद्रिय कर्ब टिकत नाही.