पुरात उभी राहिलेली जुनी टाटा ४०७ (छोटा ट्रक) परत रस्त्यावर आणायची तर

सगळ्यात आधी, चावीला हात लावायचा नाही. पाणी उतरलं की पहिली हौस हीच असते, एकदा सेल मारून बघू, चालू झाली तर झाली. नाही म्हणजे नाही. डिझेल इंजिन हवा सतरा-अठरा पट दाबतं, तिथं हवेऐवजी वाटीभर पाणी असलं तर ते दबत नाही, आणि मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. जे काम नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून, ऑइल बदलून भागणार होतं ते हेड, पिस्टन, क्रँकपर्यंत जातं.

हे सांगतोय कारण २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीला पूर आला तेव्हा आमची ४०७ नाशकात पंचवटीत वाघाडीच्या बाजूला उभी होती. एरवी पाणी किती वाढलं ते आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडं बघून ठरवतो, त्या दिवशी तेवढं बघायला जायचीही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये सीटच्या वर चार बोटं गाळाची रेघ, आणि मी पोचायच्या आत आमच्या चुलत भावानं सेल मारलेला. टक असा एकच आवाज आला म्हणे. बॅटरी पाण्यात बसली होती म्हणून इंजिन वाचलं, नाहीतर त्याच दिवशी भंगारात.

तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, मग पॉझिटिव्ह. फोटो काढा, गाळाची रेघ दिसली पाहिजे. फुल इन्शुरन्स असेल तर कंपनीला कळवल्याशिवाय काही खोलू नका, सर्व्हेअर येऊन बघून गेला की मग पाना लावा. नुसतं थर्ड पार्टी असेल (जुन्या गाड्यांना बहुतेक तेवढंच असतं) तर खर्च आपलाच आहे, वाट बघण्यात अर्थ नाही.

गाळ ओला आहे तोवरच साध्या पाण्यानं धुवून काढा. लोक उलटं करतात, आधी उन्हात वाळवतात, मग तो गाळ चॅसीच्या आतल्या बाजूला आणि स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये सिमेंटसारखा बसतो आणि दोन वर्षांत चॅसी खातो. पाइपानं धुवा, पण प्रेशरचा फवारा वायरिंग, अल्टरनेटरवर मारू नका. हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, गाडी घसरू नये म्हणून चाकाला उटी (दगड किंवा ठोकळा) लावा. आणि क्लचचं पेडल दाबून मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवा, प्लेट फ्लायव्हीलला गंजून धरत नाही. हे आमच्या अण्णांनी सांगितलेलं, गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत.

आता इंजिन. एअर फिल्टरचं झाकण उघडा. आत कोरडं असेल तर निम्मं टेन्शन गेलं. ओलं किंवा गाळ असेल तर पाणी मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून) आत गेलंय असंच धरून चाला. मग ऑइलपट्टी बघा, पण तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. इंजिन फिरलं नसेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळत नाही, जड असल्यामुळं खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या बुडाच्या ऑइलच्या भांड्यात) जाऊन बसतं, वरचं ऑइल चांगलं काळंभोर दिसतं, फक्त लेव्हल खुणेच्या वर गेलेली असते. आम्ही खाली पातेलं ठेवून चेंबरचा नट हळूहळू ढिला केला तर आधी गढूळ पाण्याची धार आली, चांगली तांब्याभर, आणि मग एकदम काळं ऑइल. तिथंच कळतं की नशीब किती बरं होतं. इंजिन फिरून गेलं असेल तर मात्र ऑइल दुधाच्या चहासारखं होतं, ते सगळं काढा, स्वस्तातलं ऑइल आणि नवा फिल्टर टाका.

त्यानंतर चारही नोझल काढा, हेडवर जुनं फडकं टाका, आणि क्रँक पुलीच्या नटाला मोठा पाना लावून इंजिन हातानं फिरवा, दोन पूर्ण फेरे. अडलं तर जोर लावू नका, तिथंच थांबा आणि मेस्त्रीला बोलवा. फिरलं तर भोकांतून पाणी बाहेर फेकलं जाईल, तोंड लांब ठेवा. मग प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन चमचे ऑइल सोडून परत फिरवा. नोझल बसवताना खालचे तांब्याचे वायसर नवे घ्या, शिंगाडा तलावाला मिळतात, तिथं कंजूषी केली तर नोझलच्या बुडातून कॉम्प्रेशन लीक होतं.

डिझेलचंही तसंच, पाणी टाकीच्या तळाला. टाकी पूर्ण रिकामी करा, काढलेलं डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, सकाळी खाली पाण्याचा थर दिसेल. दोन्ही डिझेल फिल्टर बदला. इंजिनाच्या डिझेल पंपात पाणी गेल्याची शंका असेल तर सरळ पंप दुरुस्त करणाऱ्याकडं द्या, तो उघडायचा उद्योग घरी करू नका, प्लंजर गंजला तर पंपाचाच खर्च गाडीच्या किमतीशी भांडायला लागतो. डिझेलची लाइन जोडून झाल्यावर तिच्यातली एअर गाडीच्या छोट्या हँडपंपानं काढायला विसरू नका.

सेल्फ (स्टार्टर मोटर) आणि अल्टरनेटर काढून इलेक्ट्रिशियनकडं द्या, वरून सुकल्यासारखे दिसतात पण आत कार्बन आणि बेअरिंगमध्ये गाळ असतो. वायरिंगचा एकेक कप्लर (वायरी जोडणारा सॉकेट) उघडून पुसा, हिरवट झालेले टर्मिनल घासा. कंटाळवाणं काम आहे, दोन दिवस जातात, पण सोडलेला एक कप्लर बरोबर रात्री घाटात हेडलाइट घालवतो. हे सगळं जुन्या, पूर्ण मेकॅनिकल गाडीचं सांगतोय. नव्या गाडीला ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर असतात, तिथं आपला पाना चालत नाही.

आणि आता जिथं आम्ही फसलो ते. गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग (मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा डबा). दोन्हीला वर ब्रीदर (हवा जायचं भोक) असतो, पाणी तिथून शांतपणे आत जातं आणि बाहेरून काही दिसत नाही. आम्ही इंजिन चालू झाल्याच्या आनंदात हाउसिंग उघडलंच नाही. तीन आठवड्यांनी टोमॅटोचे कॅरेट भरून चांदवडच्या पुढं राहूड घाटात मागून घूंऽऽ असा आवाज, नट काढला तर ऑइल राखाडी आणि बेअरिंगला गंजाचे ठिपके. इंजिनाला लागला त्याच्यापेक्षा जास्त खर्च तिथं लागला. त्यामुळं चालवायच्या आधीच दोन्हीकडचं ९० नंबर गिअर ऑइल काढून नवं भरा, ब्रीदर साफ करा. चारही हब (चाकाचा मधला भाग) उघडा, बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, सील नवे, ग्रीस नवं. ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं म्हणून तेही पूर्ण काढा, ड्रम उघडून लायनर बघा. एअरब्रेकची गाडी असेल तर टाक्यांचे कॉक उघडून पाणी सोडा.

चालू झाल्यावर अर्धा तास न्यूट्रलला, रेस न देता. पांढरा धूर थोडा येईल, कमी होत गेला पाहिजे. मग ते स्वस्तातलं ऑइल गरम असतानाच काढा आणि चांगलं भरा. पहिली फेरी रिकामी, आम्ही ओझरपर्यंत जाऊन आलो, मध्ये आडगावला थांबून चारही हबना हात लावून बघितला. तीन कोमट होते, डाव्या मागच्या हबवर हात ठेववत नव्हता. तो परत खोलला.