आधी शेंडा बघा, मग भोके मोजा

ऑक्टोबरात पावसाचा जोर ओसरला की गोव्यात परसात आणि वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामाच्या, शेतात हिरव्या मसाल्याचे वाफे उभे राहू लागतात. कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता, दारची तुळस, आणि हॉटेलांचा हंगाम तोंडावर आल्यामुळे बेझिल ही परदेशी तुळससुद्धा. पावसाळ्यात वाढलेले नाकतोडे, अळ्या आणि गोगलगायी याच दिवसांत या कोवळ्या पाल्यावर तुटून पडतात. सकाळी पानाला भोके दिसली की संध्याकाळी पंप खांद्यावर, हे अनेक ठिकाणी घडते. ही पाने आपण कच्ची खातो, चटणीत वाटतो, चहात उकळतो. म्हणून फवारणी ठरवण्यापूर्वी पाच मिनिटे झाडापाशी बसा. पान किती खाल्ले गेले यापेक्षा ते झाडाच्या कोणत्या वयात आणि कोणत्या जागी खाल्ले गेले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

पूर्ण वाढलेल्या पानाला पडलेले भोक कधीच भरून येत नाही. त्या पानातल्या पेशींचे विभाजन थांबलेले असते. झाड फक्त जखमेची कड सुकवून घट्ट करते, म्हणजे आतले पाणी उडत नाही आणि बुरशीला वाट मिळत नाही. कोवळ्या, मिटलेल्या पानाला पडलेले टाचणीएवढे भोक मात्र पान पसरते तसे पसरत जाते. त्यामुळे मोठ्या पानावर दिसणारे रुपयाएवढे भोक कित्येकदा जुने असते. कड तपकिरी आणि कोरडी असेल तर खाणारा कीटक बहुधा केव्हाच निघून गेला आहे, आता औषध मारून काही साधणार नाही. कड हिरवी, ओलसर असेल आणि खालच्या पानावर ताजी विष्ठा दिसत असेल तरच अळी जवळपास आहे असे धरा आणि पाने उलटून शोधा.

झाड स्वतःही गप्प बसलेले नसते. पान चावले गेल्यावर काही मिनिटांत त्याचा संदेश दूरच्या पानांपर्यंत पोचतो आणि जॅस्मोनिक आम्ल हे बचावाचे संप्रेरक तयार होऊ लागते. टोमॅटो आणि बटाट्याच्या पानांवर कीटकाची जखम झाली की किड्याचे पचन बिघडवणारी प्रथिने पूर्ण झाडभर तयार होतात, हे 1972 साली दाखवले गेले. तुळस, पुदिना, बेझिल यांच्या पानांवर तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. पान फाटताच त्या फुटतात आणि तीव्र वास सुटतो. तो वास आपल्याला आवडत असला तरी अनेक किड्यांना नकोसा असतो. या संरक्षणाला झाडाची साखर खर्ची पडते. भरपूर पाने असलेले झाड तो खर्च पेलते, तीन पानांचे रोप पेलू शकत नाही.

म्हणूनच सगळी काळजी पहिल्या तीन आठवड्यांत घ्या. कोथिंबिरीची आधी दोन लांबट बीजपत्रे येतात, मग कातरलेली खरी पाने. दोन-तीन खरी पाने असताना त्यातली निम्मी गेली तर मुळांना पुरवठा तुटतो, रोप थबकते आणि पुढे उन्हाचा चटका वाढला की पाला धरण्याआधीच फुलावर येते. या वयात वाफ्यावर बांबूच्या कमानी करून जुनी मच्छरदाणी ताणा, कडा मातीत दाबून घ्या. एवढ्या खर्चात नाकतोडे आणि फुलपाखरे दोन्ही बाहेर राहतात. गोगलगायींसाठी संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओले गोणपाट पसरा, पहाटे उचला आणि खाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ जमिनीवर टाकू नका. मोठी आफ्रिकन गोगलगाय उघड्या हाताने धरू नका, तिच्यात माणसाला बाधणारा कृमी असू शकतो.

बेझिल आणि तुळशीला शेंड्याचे गणित लागू पडते. शेंड्यातून खाली उतरणारे ऑक्सिन हे संप्रेरक पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवते. शेंडा गेला की तो दाब सुटतो, साखर बगलेकडे वळते आणि खालच्या पेऱ्यावरून दोन फांद्या फुटतात. बेझिलला सहा-आठ पाने आली की वरचा शेंडा एका पेऱ्याच्या थोडा वर खुडावा, तो याचसाठी. अळीने फक्त शेंडा खाल्ला असेल आणि खालची पाने निरोगी असतील तर काही करू नका, आठवडा-दोन आठवड्यांत झुडूप दाट झालेले दिसेल. बगलेतले डोळेही कुरतडलेले असतील तर मात्र तातडीने अळी शोधा. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडण्याची घराघरातली रीत मला फार शहाणपणाची वाटते. मंजिरीत बी धरू लागले की पानांची वाढ मंदावते.

तुळशीवर आणखी एक त्रास येतो, त्याला भोके नसतात. पाने फिकट ठिपक्यांनी भरतात, वळतात, करपल्यासारखी सुकतात. उलटून पाहिले तर काळे बारीक ठिपके आणि जाळीदार पंखांचे इवले किडे. हा पानांचा रस शोषणारा, ढेकणाच्या गटातला कीटक आहे. पानाचा पृष्ठभाग जागेवर असतो, पण हिरवेपणा आतून रिकामा होतो, म्हणून झाड हळूहळू खंगते. असे शेंडे कापून नष्ट करा आणि उरलेल्या पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. तुलसी विवाहासाठी वृंदावनातली तुळस भरगच्च हवी असेल तर हे काम आत्ताच करा, कार्तिकात करू नका.

कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, म्हणून लिंबावरच्या फुलपाखरांच्या अळ्या त्यावर येतात. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, वाढलेल्या झाडाला त्यांचा फारसा त्रास नाही. हातभर उंचीच्या रोपाला मात्र दोन-चार अळ्या पूर्ण सोलून काढतात, तिथे रोज हाताने वेचा.

गवती चहा हे गवत आहे. त्याचे पान बुडाकडून वाढते, म्हणून टोक करपले किंवा गुरांनी खुडले तरी पान खालून पुढे सरकत राहते. पण कापणीला मर्यादा आहे. अमेरिकेत 1955 साली प्रसिद्ध झालेल्या गवतांवरच्या प्रयोगांत निम्म्यापर्यंत पाला काढला तर मुळांची वाढ जवळपास चालूच राहिली. 80 टक्के काढल्यावर ती पूर्ण थांबली. म्हणून लागवडीनंतर चार-पाच महिने गड्डा भरू द्या आणि मग एका वेळी थोडीच पाती जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर वर कापा. पुदिन्याची फारशी चिंता नको. त्याचे धावते खोड मातीत सुरक्षित असते, पण पानाखाली नारिंगी पुटकुळ्यांचा तांबेरा दिसला तर तो भाग मुळाशी कापून बाहेर काढा.

तोडणी हीसुद्धा झाडाला झालेली जखमच आहे. दव सुकल्यावर, कोरड्या सकाळी, धारदार आणि स्वच्छ कात्रीने कापा. ऑक्टोबरातल्या गडगडाटी सरीच्या दिवशी तोडणी टाळा, ओल्या जखमेतून बुरशी सहज शिरते. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाला काढू नका. नंतर हलके पाणी आणि कुजलेले शेणखत पुरे. युरिया जास्त पडला तर पाने लुसलुशीत होतात, मावा धावून येतो आणि वास उतरतो.

फवारणी करावीच लागली तर 5 टक्के निंबोळी अर्क वापरा. 10 लिटर पाण्यासाठी अर्धा किलो निंबोळीगराची भुकटी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, उरलेले पाणी मिसळा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने मारा. फवारल्यावर काही दिवस तोडणी थांबवा आणि बाजारात नेण्याआधी पाला धुऊन घ्या. कीड ओळखता येत नसेल तर प्रादुर्भाव झालेली फांदी कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत न कोंडता, त्याच दिवशी जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे अथवा मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.