भोवरेदार झोतांच्या प्रयोगाची सुरुवात करताना

मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत एम. टेक.साठी उष्णता संक्रमणाचा विषय घेणारे विद्यार्थी तापलेल्या पृष्ठभागावर आदळणाऱ्या हवेच्या झोतांकडे वळतात, तेव्हा अनेकांचा ओढा नोझलमध्ये लगेच पिळाची पट्टी बसवून झोताला भोवरा देण्याकडे असतो. माझा आग्रह असा की, आधी साध्या झोताचे मापन पूर्ण करावे. रेनॉल्ड्स संख्या (झोताचा वेग, नोझलचा व्यास आणि हवेची श्यानता यांवरून निघणारा, प्रवाहाचे स्वरूप सांगणारा आकडा) २३,००० आणि नोझल ते पृष्ठभाग अंतर व्यासाच्या दुप्पट असताना, केंद्रापासून सुमारे दोन व्यासांवर नसेल्ट संख्येचा, म्हणजे उष्णता संक्रमण किती जोरात होते ते सांगणाऱ्या आकड्याचा, दुसरा उंचवटा दिसतो, हे सर्वमान्य आहे. तो आपल्या आलेखात उमटला नाही, तर पुढच्या भोवऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

आम्ही स्टेनलेस स्टीलचा अतिशय पातळ पत्रा तांब्याच्या पट्ट्यांमध्ये ताणून त्यातून विद्युतप्रवाह सोडला, मागची बाजू काळ्या मॅट रंगाने रंगवली आणि तिकडून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तापमान टिपले. त्या बाजूने प्रारणाने व नैसर्गिक अभिसरणाने जाणारी उष्णता वेगळी मोजून वजा करावी लागते.

आपल्याकडचा उन्हाळा इथे खरी परीक्षा घेतो. नांदेडच्या मे महिन्यात दुपारी खोली तापत राहते, कॉम्प्रेसरची हवा वेगळ्याच तापमानाला येते, आणि झोत वाटेत खोलीतील हवा ओढून घेत असल्यामुळे त्या दोहोंतील फरक थेट निकालात शिरतो. पत्रा व झोत यांच्यात १५ अंशांचा फरक ठेवला असेल, तर एका अंशाची चूकही जवळपास सात टक्क्यांची होते. म्हणून वाचने पहाटे घ्यावीत आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) नोझलच्या तोंडाजवळच ठेवावे.

भोवऱ्यामुळे उष्णता संक्रमण वाढतेच, हा समज सोडावा. भोवरेदार झोत लवकर पसरतो, त्यामुळे अंतर वाढले की केंद्रातील थंडावा बहुधा साध्या झोतापेक्षा कमी पडतो. जवळच्या अंतरावर मात्र थंडावा अनेकदा अधिक समान पसरतो, आणि मला या विषयाचे सर्वांत मोलाचे अंग तेच वाटते. म्हणून केवळ सरासरी न देता त्रिज्येनुसार वितरण द्यावे. पट्टीचा पीच, म्हणजे एका पिळाची लांबी, १८० अंशांच्या पिळाला मोजला की ३६० अंशांच्या, हे स्पष्ट लिहावे, कारण त्यात दुपटीचा फरक पडतो. पट्टीमुळे दाबाची हानीही वाढते, तेव्हा तुलना समान रेनॉल्ड्स संख्येबरोबरच समान पंखाशक्तीलाही (हवा ढकलायला लागणाऱ्या शक्तीलाही) करून दाखवावी.