लिस्बनमध्ये राहायचं कुठं?

फोटो पाहून आल्फामा या जुन्या वस्तीत खोली घेण्याचा मोह होतो, पण तिथल्या चढाच्या, दगडी पायऱ्यांच्या गल्ल्यांतून चाकांची बॅग ओढताना घामटा निघतो. त्यापेक्षा बायशात राहा. सपाट भाग, मेट्रो हाताशी; आल्फामात संध्याकाळी रिकाम्या हातानं भटकावं. २८ नंबरची ट्राम सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे ती जिथून सुटते त्या मार्तीम मोनीझच्या थांब्यावर रांग लागते. सकाळी लवकर जा, नाहीतर दुसऱ्या टोकाहून, कांपो द औरीकहून बसा. गर्दीत पाकीट सांभाळा! बेलें भागातला जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. वास्को द गामाची कबर तिथल्याच चर्चमध्ये आहे. जवळच १८३७ पासूनचं पास्तेइश द बेलें हे बेकरीचं दुकान. कस्टर्डचे टार्ट गरम असतानाच, वर दालचिनी भुरभुरून खा.